ताईचे एकेचाळीस फोटो

गेलेल्या माणसाचा चेहरा जपून ठेवणं ही मागे राहिलेल्यांची पवित्र जबाबदारी आहे, आणि आमच्याइतक्या निष्ठेने ती कोणी पार पाडली नसेल. आमचं फोटोचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, सत्तावन्नाव्या वर्षी गेली तेव्हा आमच्याकडे तिचे एकेचाळीस फोटो होते. उजेड नीट, मान सरळ, नजर कॅमेऱ्यात, एकही हललेला नाही. त्यातला एकही तिच्यासारखा नव्हता.

ताईच्या गालावर जन्मापासून एक खूण होती. शाईची दौत कलंडावी तशी, जांभळट, अर्धाअधिक गाल व्यापलेली. घरात त्या खुणेला नाव नव्हतं. आई नुसतं 'ते' म्हणायची. "ते आज जरा कमी दिसतंय," असं ती दर दोन-चार दिवसांनी जाहीर करायची. ते कधीच कमी दिसत नसे, पण आईच्या बोलण्याला कोणी हरकत घेत नसे. बाबा काहीच म्हणत नसत. बाबा पेन्सिल काढत.

फिल्मचा जमाना न पाहिलेल्यांसाठी सांगतो. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा गडद डाग तिथे फिका दिसतो. तेवढ्या जागेत पेन्सिलीने बारीक टिंबं भरत गेलं, की छापलेल्या फोटोत डाग राहत नाही. बाबा पेन्सिलीला सँडपेपरवर घासून सुईसारखं टोक काढायचे, निगेटिव्ह खालून उजेड येणाऱ्या काचेवर ठेवायचे आणि डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसायचे. शहरातल्या निम्म्या लोकांचे देवीचे व्रण, मस आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांनी अशी मिटवली. "गिऱ्हाईक आरशात जे बघतं ते त्याला घरी फुकट मिळतं," ते म्हणायचे. "तेच बघायला ते आपल्याकडे कशाला येईल?"

ताई बावीस वर्षांची झाली तेव्हा लग्न जमवण्यासाठी तिचा फोटो काढला. त्या एका निगेटिव्हवर बाबा तीन दिवस बसले. फोटो इतका सुरेख आला की तो पाहून पाच घरची माणसं आली. ताईला पाहून पाचही घरची माणसं गेली. त्यातल्या एकांनी जाता जाता बाबांना बाजूला घेऊन विचारलं, फोटो कुठे काढलात, आम्हालाही आमच्या मुलीचा काढायचाय.

सहाव्यांदा ताईने बाहेर येऊन बसायला नकार दिला. नंतर तिने सहा महिन्यांचा कोर्स केला आणि आमच्या दुकानाशेजारचा गाळा घेऊन ब्यूटी पार्लर काढलं. आईला हे ऐकून घेरी यायची बाकी राहिली. "लोक काय म्हणतील, हिचं हिला जात नाही," असं ती म्हणाली. लोक अगदी तेच म्हणाले. पहिलं वर्षभर ताई रिकामी खुर्ची पुसत बसली.

मग हळूहळू अशा बायका यायला लागल्या ज्या दुसऱ्या कुठल्याच पार्लरमध्ये जात नव्हत्या. कोणाच्या गालावर मुरमांचे खड्डे, कोणाची मान भाजलेली, कोणाला हनुवटीवर केस, कोणाचे डोक्यावर नाहीत. दुकानात, दवाखान्यात, कुठेही त्या आत शिरल्याबरोबर माफी मागितल्यासारख्या बोलायच्या. ताईसमोर त्यांना ते सुचायचं नाही. मागाहून बाकीच्याही यायला लागल्या, कारण ताईच्या हातात कसब होतं. पार्लरच्या भिंतीवर एकाही सुंदर बाईचं पोस्टर नव्हतं. 'गोरं' या शब्दाला तिथे बंदी होती. कोणी आलं की ताई पहिलं वाक्य ठरलेलं बोलायची. "आधी तोंड धुवून ये, म्हणजे कोण आलंय ते कळेल." भुवया ती जिच्या तिच्या वळणानेच कोरायची, मासिकातल्यासारख्या नाही. खुर्ची मागे कलती करून डोक्यामागे उभी राहायची, दोऱ्याचं एक टोक दातात धरायची आणि वाकायची. दोरा दातात असल्यामुळे तिचे बरेचसे उपदेश 'हं' आणि 'उंहूं' या स्वरूपात असत. तेच जास्त लागू पडायचे म्हणतात.

दोन दुकानांमध्ये एक पातळ भिंत होती. तिच्याकडून आवरून निघालेल्या बायका फोटोसाठी माझ्याकडे यायच्या. बाबा गेल्यावर पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला, तीन दिवसांचं काम तीन मिनिटांवर आलं. ती चेहरे धुवायची, मी पुसायचो. धंदा दोघांचाही बरा चालला होता.

दोन वर्षांपूर्वी तिने एका मुलीला माझ्याकडे पाठवलं. दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असायची ती, गालांवर खड्डे, बोलताना हात आपोआप तोंडाशी जायचा. ताईने तिला वर्षभर खपून निदान हात खाली ठेवायला शिकवलं होतं. मोठ्या हॉस्पिटलात नोकरीसाठी अर्ज करायचा होता. सोबत ताईची चिठ्ठी होती, 'काहीही पुसू नकोस.' मी चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली आणि सवयीने सगळं पुसलं. मुलाखतीच्या ठिकाणी दारावरच्या माणसाने अर्जावरचा फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "या बाई कुठायत?" तिचा हात पुन्हा तोंडाशी गेला. मुलाखत तिने हाताआडून दिली. ती नोकरी मिळाली नाही.

संध्याकाळी ताई माझ्या दुकानात आली. ती मला 'छोट्या' म्हणायची. माझे केस पिकले तरी त्यात बदल झाला नाही.

"छोट्या, तू तिला विचारलंस, पुसू का म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? सवय आहे हाताला."

"मलाही कधी विचारलं नाहीस."

"तुझे तर बाबाच करायचे."

"बाबा जाऊन सतरा वर्षं झाली."

मी माऊस उगाच इकडेतिकडे फिरवला. ती खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "माझा एक काढ. आहे तसा. पार्लरमध्ये लावीन म्हणते."

"आज फ्लॅश नीट चालत नाहीये. उद्या ये."

फ्लॅश उत्तम चालत होता. पण दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. केस धुतलेले, भुवया कोरलेल्या, कधी न घातलेली गर्द निळी साडी. आमच्या दुकानात इतक्या निवांतपणे बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. नेहमी ती कॅमेऱ्यासमोर चेहरा थोडा वळवायची, मान सरळ कर म्हणावं लागायचं. त्या दिवशी आपणहून सरळ बसली. मी फोटो काढला. छापायला घेणार तेवढ्यात शाळेतून फोन आला, ओळखपत्रांचे दोनशे फोटो कधी मिळणार म्हणून. मी फोन खांद्यात धरून त्यांच्याशी वाद घालत होतो आणि माझा उजवा हात त्याचं त्याचं काम करत होता. फोन संपला तेव्हा फोटो छापून बाहेर आला होता.

ताईने तो हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"छान आलाय," ती म्हणाली.

माझ्या लक्षात आलं तेव्हा ती दारापर्यंत पोहोचली होती. मी म्हटलं, "अगं थांब, दुसरा काढू." ती म्हणाली, "राहू दे, गिऱ्हाईक बसलंय." मूळ फाइल ठेवायची आमच्याकडे पद्धत नव्हती, जागा खाते. तो एकेचाळिसावा. तिने तो पार्लरच्या खणात पालथा ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

मी म्हणत राहिलो की एक दिवस नीट काढू. ती आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. हॉस्पिटलात मी रोज दोन तास तिच्याजवळ बसायचो. एका बाजूला सलाइनचा स्टँड होता, म्हणून दुसऱ्या बाजूला, खिडकीजवळच्या खुर्चीवर.

ती गेल्यानंतर दहा दिवसांनी चिमटाबाई दुकानात आल्या. त्या ताईच्या जोडीदार, वीस वर्षं पार्लरमध्ये सोबत. हातात कायम चिमटा असायचा म्हणून ताईने ठेवलेलं नाव, पुढे त्यांच्या नवऱ्यानेही तेच उचललं.

"भाऊ, पार्लर उद्यापासून उघडते. ताईंचा एक फोटो द्या भिंतीवर लावायला. बायका विचारतात."

मी खणातला एकेचाळिसावा मोठा केला, फ्रेम केली, स्वतः नेऊन खिळा ठोकला. निळी साडी, सरळ मान. चिमटाबाईंनी फ्रेमची काच पदराने दोन-तीनदा पुसली, हेच मला खटकायला हवं होतं. तेवढ्यात ती रिसेप्शनवाली आली. खुर्चीत बसायच्या आधी फोटोपुढे उभी राहिली.

"छान आहेत," ती म्हणाली. "ताईंच्या कोणी नातेवाईक का?"

चिमटाबाई आतल्या खोलीत टॉवेल आणायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी खिळा काढला आणि फ्रेम घेऊन दुकानात परत आलो. ताईने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती अजून द्यायची राहिली होती.

मी शोध सुरू केला. घरातले अल्बम, कपाटं, जुनी पाकिटं. सगळीकडे आमचाच हात फिरलेला. तिचं ओळखपत्र, बँकेचं पासबुक, पार्लरचा परवाना. प्रत्येकावरचा फोटो आमच्या दुकानातला. एका जुन्या सरकारी फॉर्मवर 'शरीरावरील ओळखखूण' असा रकाना सापडला तेव्हा मला वाटलं, चला, निदान लेखी पुरावा. त्यात बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'उजव्या तळहातावर तीळ.' असा तीळ तिला होता हे मला माहीत नव्हतं.

चिमटाबाईंनी बायकांना आपापले मोबाइल तपासायला सांगितलं. ताईच्या हातांचे अकरा फोटो निघाले. पाठीचे चार. चेहऱ्याचा एकच, आणि तो ज्या मोबाइलवर काढला त्याने न सांगताच तिचा चेहरा गुळगुळीत करून ठेवला होता. मोबाइलवर रागावण्यात अर्थ नव्हता. त्यानेही सवयीनेच केलं असणार.

शेवटी मी ठरवलं, आपण पुसलं, आपणच परत काढू. एकेचाळिसावा स्क्रीनवर घेतला, जांभळट रंग निवडला आणि थांबलो. मला आकार आठवेना. कडा सरळ होती की नागमोडी? डोळ्याच्या खाली कुठपर्यंत यायची? बाबांनंतर सतरा वर्षं मी ते पुसत होतो, पण पुसायचं म्हणून बघत होतो. डाग कुठे संपतो एवढंच बघायचं असतं. आणखी पाच मिनिटांनी मला कळलं की गाल कोणता, हेही मला खात्रीने सांगता येत नाही. नेहमी वळवलेला चेहरा. हॉस्पिटलात खिडकीची बाजू.

बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती.

"तुमच्या सख्ख्या बहिणीचा गाल तुम्ही मला विचारताय?"

"तुला आठवतोय का ते सांग."

"मी त्यांच्याशी बोलताना डोळ्यांत बघायचे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, जरा हळू, "तिकडे बघू नये म्हणून."

मी फोटोच्या दोन-चार प्रती छापल्या आणि भुवयांची पेन्सिल घेऊन पार्लरमध्ये गेलो. चिमटाबाईंनी ताबडतोब उजवा गाल रंगवला. "वीस वर्षं शेजारी उभी होते भाऊ, मला नाही माहीत तर कोणाला?" मी विचारलं, शेजारी उभ्या राहून तिच्या तोंडाकडे कशा बघायचात? "आरशात," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला. आरशातला उजवा की खरा उजवा, यावर त्या आरशासमोर उभ्या राहून स्वतःचेच गाल आळीपाळीने चाचपत राहिल्या. "मग मी इतकी वर्षं कोणाला बघत होते?" त्या म्हणाल्या.

रिसेप्शनवालीने दुसरी प्रत घेतली. पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

"काका, जमत नाहीये. असं नव्हतंच काही."

"म्हणजे कसं होतं?"

ती विचार करत कलत्या खुर्चीत जाऊन पडली, डोकं मागे टेकवून. छताकडे पाहिलं. मग उठून बसली आणि हातातला फोटो उलटा केला, कपाळ खाली, हनुवटी वर. पेन्सिल न उचलता एका दमात तिने खूण काढली. जबड्याजवळ रुंद, डोळ्याकडे निमुळती, मध्ये एक छोटी रिकामी जागा, बेटासारखी.

"आम्ही सगळ्या ताईंना अशाच बघायचो ना," ती म्हणाली. "उलट्या. सुलट्या बघायला वेळ कुठे मिळायचा, लगेच तोंड धुवायला पाठवायच्या."

आणखी दोन बायकांनीही उलटा फोटो मागून घेतला. कडा थोड्या वेगळ्या आल्या, गाल एकच आला. डावा. तरी मला धीर होईना. एवढं पुसून झाल्यावर आता अंदाजाने रंगवायचं, ही दुसरी लबाडी झाली असती.

त्या बेटावरून मला बाबा आठवले. लग्न जमवायच्या त्या फोटोवर काम करताना दुसऱ्या दिवशी ते स्वतःशीच पुटपुटले होते, "मध्ये एवढं बरं सोडलंय." तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, आणि कोणी काय सोडलंय ते मला कळलं नव्हतं.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बाबांच्या निगेटिव्ह कागदी पाकिटांत घालून लावून ठेवलेल्या होत्या. दीड दिवस लागला. पाकिटावर ताईचं नाव नव्हतं, नुसतं 'घरचं' लिहिलं होतं. मी निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवली, डावं-उजवं उलटू नये म्हणून चकचकीत बाजू वर केली आणि भिंग लावलं.

गाल डावा होता. आणि त्यावर बाबांची टिंबं होती. हजारो. इतकी बारीक, इतकी जवळजवळ, की तीन दिवस एक माणूस तिथे श्वास रोखून बसला असणार. जबड्याजवळ रुंद, डोळ्याकडे निमुळती, मध्ये छोटी रिकामी जागा. आमच्या सगळ्या घरात त्या खुणेकडे नीट पाहिलेला तो एकच माणूस होता. आणि त्याने ती पूर्णच्या पूर्ण उतरवून ठेवली होती, पुसण्यासाठी.

पेन्सिल टर्पेंटाइनने निघते. कापसाचा बोळा ओला करून मी हलक्या हाताने फिरवायला सुरुवात केली. माझ्या हातून आजवर शेकडो डाग गेले, पण पुसल्यावर डाग आला असं पहिल्यांदाच घडत होतं. बोळा राखाडी होत गेला. मी तो टाकला नाही. का, ते विचारू नका. तो अजून काड्यापेटीत आहे.

फोटो छापला. बावीस वर्षांची ताई, गालावर तिचं सगळं काही जिथल्या तिथे, आणि ओठांवर एक बारीकसं हसू. ते हसू पुसलेल्या फोटोतही होतं. पण तिथे ते कोणत्याही मुलीचं वाटायचं.

रिसेप्शनवालीने पाहिला आणि लगेच म्हणाली, "ताई." मग तिने तो उलटा करून पाहिला, खात्रीसाठी. ती कोरड्या डोळ्यांनी बाहेर गेली. रडल्या त्या चिमटाबाई. त्यांनीच सुचवलं की भिंतीवर नको, छताला लावा, खुर्चीच्या बरोबर वर, कपाळ पायाकडे करून. म्हणजे डोकं मागे टेकलं की पूर्वीसारखीच दिसेल. मी शिडीवर चढून चार स्क्रू मारले. पाच महिने ती तिथे होती. बायका सांगायच्या, धागा ओढताना दुखतं तेव्हा वर बघितलं की बरं वाटतं. काही जणी भुवया कोरून झाल्यावरही उठायच्या नाहीत.

मग चिमटाबाईंचे गुडघे गेले, त्या मुलीकडे राहायला गेल्या. गाळ्यात आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. छताचा फोटो मी उतरवून आणला आणि आमच्या काचेच्या कपाटात, रस्त्यावरून दिसेल असा, सुलटा लावला.

लोक थांबून बघतात. आत येतात आणि विचारतात, हा आधीचा फोटो ना, नंतरचा कुठाय? मी म्हणतो, नंतरचे एकेचाळीस आहेत. त्यातला एखादा दाखवतो. त्यांना काम पसंत पडतं.

आता मी प्रत्येकाला विचारतो, पुसू का म्हणून. अजून कोणी नको म्हटलेलं नाही.